दोन राज्यांच्या तारखा, एक कॅलेंडर: सीमाभागातल्या नवख्यांसाठी ईमेलची घडी

सेकंड पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागल्यावरचे दोन-अडीच महिने बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही घरात बघा. केसीईटीचे, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचे, मेल कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाकडून येतात. पोराने कोल्हापूर-पुण्याकडेही अर्ज केला असेल तर महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाचे येतात. वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांत दहावी-बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांत सीमाभागाचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो, त्यामुळे बऱ्याच घरांत दोन्हीकडची प्रवेशप्रक्रिया एकदमच चालू असते. त्यातच हॉस्टेलचा मेल, कर्जासाठी बँकेचा मेल, हेस्कॉमचं विजेचं बिल, आणि कपड्यांच्या सेलच्या पाच-पन्नास जाहिराती. हे सगळं एकाच इनबॉक्समध्ये, आलं त्या क्रमाने पडलेलं असतं.

यात चुकतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. मेल आलेला असतो, उघडून वाचलेलाही असतो. पण त्यातली तारीख मेलमध्येच राहते. वर दुसरे दहा मेल येतात, तो खाली जातो, आणि कागदपत्रं तपासणीचा दिवस निघून गेल्यावर आठवतो. म्हणून या लेखातलं सगळं एकाच सवयीभोवती आहे: तारीख असलेला मेल वाचला की तिथल्या तिथे ती तारीख कॅलेंडरमध्ये घालायची. ती घातल्याशिवाय मेल वाचला असं धरायचं नाही. बाकीच्या पायऱ्या ही सवय सोपी व्हावी म्हणून.

उदाहरणं जीमेल आणि गूगल कॅलेंडरची घेतो, कारण ते बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतं. आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरत असाल तरी पायऱ्या ह्याच, बटणांची नावं थोडी वेगळी.

पहिली पायरी: खातं खरंच तुमचं आहे का ते बघा

आपल्याकडे पुष्कळांचं ईमेल खातं फोन घेताना मोबाईलच्या दुकानात किंवा एखादा अर्ज भरताना झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्या माणसाने ठेवलेला, रिकव्हरीला नंबर कधी त्याचाच, कधी तुमचं जुनं बंद पडलेलं सिम. ते खातं चालतंय तोवर काही जाणवत नाही. फोन बदलला की अडतं, आणि नेमकी त्याच खात्यावर आधार, बँक, सेवा सिंधू (कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवा), पासपोर्ट अशी सगळी नोंदणी असते.

आधी हे करून टाका. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल खातं उघडा, ‘सिक्युरिटी’मध्ये जा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल असे दोन रकाने दिसतील. दोन्हीत आज हातात असलेला नंबर आणि घरातल्याच कुणाचा तरी मेल पत्ता घाला. त्याच पानावर हे खातं कुठल्या कुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी असते. ओळखीचं नसलेलं काहीही दिसलं की ‘साइन आउट’ करा. मग पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर आणखी एक खात्री, चालू करा. क्रमही हाच ठेवा. जुना नंबर तसाच ठेवून आधी टू-स्टेप चालू केलं तर कोड बंद सिमवर जाईल.

आणखी एक. गूगलने 2023 साली नियम केला आहे की दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं काढून टाकता येतं. आई-वडिलांच्या नावाने काढून ठेवलेलं, पण कधी न उघडलेलं खातं असेल तर अधूनमधून त्यात लॉगिन होऊन एखादा मेल वाचत जा.

दुसरी पायरी: एकदा तरी कॉम्प्युटरसमोर बसा

रोजचं वापरणं फोनवर ठीक आहे. पण घडी बसवायची ती कॉम्प्युटरवरच, कारण फिल्टर बनवणं, नवीन कॅलेंडर तयार करणं, ते दुसऱ्याबरोबर वाटून घेणं हे जीमेलच्या आणि गूगल कॅलेंडरच्या वेबसाइटवरच नीट होतं. घरात कॉम्प्युटर नसेल तर नातेवाइकाकडचा घ्या. सायबर सेंटरमध्ये बसावं लागलं तर ब्राउझरची ‘इनकॉग्निटो’ खिडकी (बंद केली की तुमच्या वापराची नोंद न ठेवणारी) उघडून काम करा आणि उठताना साइन आउट करा. एकदा लावलेली घडी पुढे फोनवर आपोआप चालते.

तिसरी पायरी: लेबल आणि फिल्टर

जीमेलमध्ये फोल्डरऐवजी लेबल असतात. फायदा असा की एकाच मेलला दोन लेबलं लावता येतात. मुलीच्या हॉस्टेलच्या फीचा मेल ‘शिक्षण’मध्येही दिसेल आणि ‘पैसे’मध्येही.

लेबलं थोडीच ठेवा. नवखा माणूस पहिल्या दिवशी उत्साहाने वीस-पंचवीस करतो आणि आठवड्याने एकही वापरत नाही. आपल्याकडच्या घराला माझ्या मते एवढी पुरतात: ‘कर्नाटक’, ‘महाराष्ट्र’, ‘पैसे’, ‘शिक्षण’, ‘जमीन-घर’. पहिली दोन मुद्दाम वेगळी ठेवा. ज्यांची शेती खानापूर तालुक्यात आणि वाटणीचा एखादा तुकडा चंदगडकडे, त्यांना आरटीसीचे (कर्नाटकातल्या सातबाराचे) कागद एका सरकारकडून आणि सातबाराचे दुसऱ्याकडून मिळतात. ते एकत्र झाले की शोधताना जीव जातो.

आता फिल्टर. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं छोटं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की एक फॉर्म उघडतो. ‘फ्रॉम’च्या रकान्यात पाठवणाऱ्याचा पत्ता घाला. तो हाताने टाइप करू नका, आलेल्या मेलमधून कॉपी करा. खाली ‘क्रिएट फिल्टर’. पुढच्या यादीत ‘अप्लाय द लेबल’ला टिक करून लेबल निवडा. ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’लाही टिक करा, परीक्षा आणि प्रवेशाच्या पत्त्यांसाठी ही टिक फार महत्त्वाची. स्पॅममध्ये गेलेला मेल तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो, आणि स्पॅम उघडून कुणी बघत नाही. शेवटी, आधी आलेल्या मेलनाही हे लावायचं का असं विचारणारी टिक असते, तीही करा.

‘स्किप द इनबॉक्स’ मात्र फक्त जाहिरातींसाठी वापरा. ज्यात तारीख येऊ शकते असा कुठलाही मेल इनबॉक्समधून लपवायचा नाही.

मुलाच्या खात्यावर येणारे प्रवेशाचे मेल आई-वडिलांनाही मिळावेत असं वाटत असेल तर याच फिल्टरमध्ये ‘फॉरवर्ड इट टू’ आहे. आधी सेटिंगमधल्या फॉरवर्डिंगच्या पानावर वडिलांचा पत्ता घालावा लागतो, त्या पत्त्यावर आलेल्या मेलमधून होकार द्यावा लागतो, मगच ते चालू होतं. पोराचं सगळं खातं उघडून वाचत बसण्यापेक्षा हा मार्ग दोघांनाही बरा.

इनबॉक्सच्या वर ‘प्रायमरी’, ‘प्रमोशन्स’, ‘अपडेट्स’ असे कप्पे असतील तर तेही तपासा. कॉलेजचे आणि सरकारी मेल पुष्कळदा ‘अपडेट्स’मध्ये जातात आणि फोनवर त्यांची सूचना वाजत नाही. असा मेल ओढून ‘प्रायमरी’त टाकला की यापुढे या पत्त्यावरून आलेले मेल इथेच टाकू का, असं जीमेल विचारतं. हो म्हणा.

चौथी पायरी: मेलमधली तारीख कॅलेंडरमध्ये

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

समजा मेल आला आहे: अमुक तारखेला सकाळी दहा वाजता कोल्हापूरच्या कॉलेजात मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. कॉम्प्युटरवर मेल उघडा असताना वरच्या तीन टिंबांवर क्लिक करा, ‘क्रिएट इव्हेंट’ निवडा. कॅलेंडर उघडेल, मेलचा विषय शीर्षकात आणि मजकूर खालच्या वर्णनात आलेला असेल. इथे एक सांभाळायचं: मेल पाठवणाऱ्याचा पत्ता पाहुणा म्हणून उजव्या बाजूला आलेला असतो. तो काढून टाका, नाहीतर सेव्ह करताना कॉलेजच्या ऑफिसला तुमच्या नोंदीचं आमंत्रण जाईल.

मग शीर्षक बदला. मेलचे विषय वाचून काय करायचं ते कळत नाही. शीर्षकाची सुरुवात काय करायचं यानेच करा: ‘हजर व्हा: कोल्हापूर, कागदपत्रं तपासणी’, ‘भरा: हॉस्टेल फी पहिला हप्ता’, ‘घेऊन या: डोमिसाइल’. फोनच्या छोट्या पडद्यावर पहिले दोन-तीन शब्दच दिसतात, ते कामाचे असले पाहिजेत.

वर्णनात मेलचा सगळा मजकूर राहू दे, पण त्याच्या वर स्वतःच्या हाताने न्यायच्या कागदांची यादी लिहा. त्या दिवशी सकाळी बसमध्ये बसून मेल शोधायची वेळ येऊ नये. ठिकाणाच्या रकान्यात पूर्ण पत्ता घाला, म्हणजे त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडतो.

प्रवासाची नोंद वेगळी करा. बेळगावहून कोल्हापूर शंभर-एक किलोमीटर आहे. दहाची वेळ असेल तर सकाळी सातच्या आत निघायला हवं, खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावातून निघणाऱ्याला त्याहून आधी. ‘निघा’ अशी साडेसहाची नोंद केली की सूचना निघायच्या वेळेला वाजते. दहाच्या नोंदीची अर्ध्या तासाची सूचना तुम्हाला वाटेतल्या कोगनोळी नाक्यावर ऐकू आली तर तिचा काही उपयोग नाही.

सूचनांबद्दल. नवीन नोंदीला कॅलेंडर आपणहून एक छोटी सूचना लावतं, साधारण अर्धा तास आधीची. ती मीटिंगसाठी असते. कागद जमवायच्या कामाला ‘ॲड नोटिफिकेशन’ करून निदान दोन आणखी लावा: एक आठवडाभर आधी, एक आदल्या दिवशी. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तीन आठवडे आधीची लावा, कारण तहसीलदार कार्यालयात वेळ जातो. कॅलेंडर चार आठवडे आधीपर्यंतची सूचना लावू देतं.

फोनवर हेच करायचं तर मेलमधल्या अधोरेखित झालेल्या तारखेवर बोट ठेवून बघा. कधीकधी तिथूनच नोंद करता येते. नाही झाली तर कॅलेंडर उघडून हाताने करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

विमानाची तिकिटं आणि हॉटेलची बुकिंग जीमेल बऱ्याचदा स्वतःच कॅलेंडरमध्ये टाकतं. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमान असेल तर तुम्ही काही न करता नोंद दिसेल. पण सरकारी मेलांचं असं होत नाही, तिथे विसंबू नका. उलट अनोळखी लोकही तुमच्या कॅलेंडरमध्ये आमंत्रणं घुसवू शकतात. सेटिंगमध्ये ‘ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर’ समोर ‘पाठवणारा ओळखीचा असेल तरच’ हा पर्याय निवडून ठेवा.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅलेंडरमध्ये ‘इव्हेंट’ आणि ‘टास्क’ असे दोन प्रकार आहेत. इव्हेंट दिवस उलटला की मागे जातो, काम झालं असो वा नसो. टास्क तुम्ही ‘झालं’ अशी खूण करेपर्यंत बाकी म्हणून दिसत राहतो. म्हणून ठरल्या वेळी कुठेतरी हजर व्हायचं असेल तर इव्हेंट, आणि ‘बँकेत फॉर्म द्यायचा’ असं काम असेल तर टास्क. फक्त टास्क दुसऱ्याला दिसत नाहीत, घरातल्या सगळ्यांना दिसायला हवं असेल तर इव्हेंटच करा.

पाचवी पायरी: परत परत येणाऱ्या तारखा

‘रिपीट’ची सोय बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसते. एलआयसीचा हप्ता, गाडीचा विमा, पीयूसी (गाडीच्या प्रदूषण तपासणीचं, कॉलेजचं नव्हे), पतसंस्थेची सभा, सगळं एकदा घालून टाका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्याने आपल्याकडे घरटी कुणीतरी निवृत्त फौजी निघतो. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची वार्षिक नोंद महिनाभर आधीच्या सूचनेसह करा. धंदा असेल आणि जीएसटी दरमहा भरत असाल तर 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी ही विवरणपत्रं. ‘मंथली’ निवडून दोन नोंदी पुरतात. सरकारने मुदत वाढवली तर तेवढ्या एका महिन्याची नोंद हलवा, कॅलेंडर विचारतं की फक्त हीच बदलायची की पुढच्या सगळ्या.

मग शनिवार. इथे सीमाभागाचा माणूस हमखास फसतो. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे चंदगडच्या किंवा कोल्हापूरच्या ऑफिसात कुठल्याच शनिवारी काम होत नाही. कर्नाटकात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. बँका दोन्हीकडे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. ‘कस्टम’मध्ये जाऊन ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी’ असं सांगता येतं. दिवसभराची नोंद करा, ‘बँक बंद’.

सुट्ट्याही दोन राज्यांच्या घालाव्या लागतात. गूगलचं ‘भारतातील सुट्ट्या’ हे तयार कॅलेंडर राज्यानुसार भेद करत नाही. 19 फेब्रुवारीला कोल्हापूरची कार्यालयं शिवजयंतीसाठी बंद असतात, बेळगावची चालू. 1 नोव्हेंबरला राज्योत्सवामुळे बेळगावची बंद, कोल्हापूरची चालू. अशा ठरलेल्या तारखांना ‘ॲन्युअली’ लावलं की झालं.

तिथीने येणाऱ्या दिवसांना मात्र वार्षिक रिपीट लावू नका. गणेश चतुर्थी 2024 साली 7 सप्टेंबरला होती, 2025 साली 27 ऑगस्टला, आणि 2026 साली 14 सप्टेंबरला. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. 2026 साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो पुन्हा पुढे गेला. वार्षिक रिपीटला हे कळत नाही, ते दरवर्षी तीच इंग्रजी तारीख दाखवत राहील. बेळगावची पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर. मंडळाची वर्गणी, परवानगी, रथाचं साहित्य सगळं त्यावर ठरतं. मंडळाच्या सेक्रेटरीने पाडव्याला नवं पंचांग हातात आलं की बसून वर्षभराच्या तिथी एकदम घालून टाकाव्यात.

सहावी पायरी: घराचं एक कॅलेंडर

कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडा. डावीकडे ‘अदर कॅलेंडर्स’च्या शेजारच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करा, ‘क्रिएट न्यू कॅलेंडर’. नाव द्या ‘घर’. मग त्याच्या सेटिंगमध्ये ‘शेअर विथ स्पेसिफिक पीपल’ मध्ये घरातल्यांचे मेल पत्ते घाला. प्रत्येकाला वेगळा अधिकार देता येतो: ज्यांनी नोंदी कराव्यात त्यांना बदल करण्याचा, बाकीच्यांना फक्त बघण्याचा. ‘पब्लिक’ची टिक कधीही करू नका, ती केली की घर कधी रिकामं असतं हे जगाला कळतं.

पुण्यात नोकरीला असलेल्या पोराने घरच्या कॅलेंडरमध्ये वडिलांच्या डॉक्टरची तारीख टाकली की ती टिळकवाडीतल्या घरच्या फोनवर दिसते. आईने मावशीच्या घरची वास्तुशांत टाकली की पोराला रजा काढायला वेळ मिळतो. मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. आपल्या घरांत माणसं दोन-तीन गावांत विखुरलेली असतात, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेली तारीख संध्याकाळपर्यंत शंभर सुप्रभातांच्या खाली गेलेली असते.

दुबईला किंवा जर्मनीला कुणी असेल तर वेळेचा हिशेब करत बसू नका. तुम्ही तुमच्या घड्याळाने नोंद करून त्यांना पाहुणा म्हणून घाला, त्यांच्या फोनवर ती त्यांच्या वेळेत दिसेल.

सातवी पायरी: जुना मेल सापडला पाहिजे

जीमेलचा शोध अख्खा शब्द शोधतो, अर्धवट शब्दावर सापडेलच असं नाही. आपल्या गावाच्या बाबतीत हे नडतं. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून Belgaum चं Belagavi झालं, त्यामुळे इंग्रजी मेलांत दोन्ही स्पेलिंगं येतात, जुनी कागदपत्रं एका नावाने आणि नवी दुसऱ्या. शोधताना दोन्ही स्पेलिंगं घाला आणि मध्ये इंग्रजीतलं ‘ऑर’ मोठ्या अक्षरांत (OR) लिहा, म्हणजे दोन्हींचे मेल येतील. आडनावांचंही तसंच, कानडी कारकुनाने लिहिलेलं स्पेलिंग आणि तुमचं स्पेलिंग एक असेलच असं नाही. त्यापेक्षा अर्जाचा नंबर शोधावा. तो कुठल्याही भाषेच्या मेलमध्ये सारखाच असतो.

शोधपट्टीतला तो मघाचा फॉर्म इथेही कामाला येतो: अमुक पत्त्यावरून आलेले, जोडपत्र असलेले, अमुक तारखेच्या आसपासचे.

कन्नड मेल, आणि न वाचता येणारी अक्षरं

बिलं, नोटिसा, शाळेची पत्रकं कन्नडमध्ये येतात. अनेकांना बोललेलं कळतं पण वाचता येत नाही. मेलच्या तीन टिंबांखाली ‘ट्रान्सलेट’ आहे, फोनच्या ॲपमध्येही. मराठी निवडा. भाषांतर कामापुरतं बरं होतं, पण तारीख, रक्कम आणि नंबर मूळ मेलशी ताडून मगच कॅलेंडरमध्ये घाला. कन्नड अंक वापरलेले असतील तर वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा, हा आळस करू नका.

जोडलेली फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसली तर फोन बिघडलेला नाही. ती फाइल नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असते, आणि तो फाँट तुमच्याकडे नाही. पाठवणाऱ्याला पीडीएफ करून पाठवायला सांगा. तुम्ही स्वतः मराठीत लिहिताना फोनचा कीबोर्ड वापरलात तर ते युनिकोडच असतं, कुठेही दिसतं.

पाठवताना

विषय रिकामा सोडू नका. अर्जाचा नंबर, नाव, काम, एवढं विषयातच लिहा. कारकुनाने तुमचा मेल उघडायच्या आधी त्याला काय हवं ते कळलं पाहिजे.

सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची वेळ पाच सेकंदांवरून तीस करून ठेवा. जोडपत्र राहिलेलं बहुधा पाठवल्यावर लगेचच लक्षात येतं, तेवढ्यात मेल परत घेता येतो. जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी, त्याहून मोठं असेल तर जीमेल ते ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवतं. दुवा पाठवताना समोरच्याला उघडायची परवानगी दिली आहे ना ते बघा.

मंडळाच्या सगळ्या सभासदांना एकदम मेल पाठवायचा तर पत्ते ‘बीसीसी’त घाला. ‘टू’मध्ये घातले तर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला जातो, आणि कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ केलं की सगळ्यांचे इनबॉक्स भरतात. रात्री अकरा वाजता लिहिलेलं पत्र ‘शेड्यूल सेंड’ने सकाळी दहाला पाठवा, ऑफिस उघडतं तेव्हा ते वर असेल.

दुकानात, वर्कशॉपमध्ये

उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचा किंवा मशीन शॉपचा मेल तीन माणसं तीन फोनवर बघतात, आणि एका ऑर्डरला दोघं उत्तर देतात किंवा कुणीच देत नाही. अशा ठिकाणी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मोझिलाचं थंडरबर्ड टाका. ते फुकट आहे, त्यात कॅलेंडर आतच असतं, आणि दुकानाचं, मालकाचं, हिशेबाचं अशी वेगवेगळी खाती एका खिडकीत दिसतात. खातं जोडताना ‘आयमॅप’ निवडा. ‘पॉप’ निवडलं तर मेल त्या एका कॉम्प्युटरवर उतरतात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसलेही जातात, मग मालकाच्या फोनवर काहीच दिसत नाही.

खरेदी ऑर्डरच्या मेलमधली माल द्यायची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये घालायची, आणि कास्टिंग, मशीनिंग, ट्रक यांच्या आधीच्या तारखा उलट मोजत वेगळ्या नोंदी करायच्या. शिनोळीच्या गिऱ्हाईकाला माल द्यायचा असेल तर अंतर थोडं असलं तरी राज्य बदलतं, बिल आयजीएसटीचं होतं. ‘ई-वे बिल बघा’ ही नोंद आदल्या दिवशीची हवी.

जागा भरली तर

फुकटच्या खात्यात 15 जीबी मिळतात, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. भरलं की नवे मेल येणंच थांबतं, आणि प्रवेशाच्या मोसमात ते परवडत नाही. बहुतेकांची जागा फोटो-व्हिडिओंनी खाल्लेली असते, आधी तिकडे बघा. मग शोधाच्या फॉर्ममध्ये आकार 10 एमबीपेक्षा मोठा असं घालून जड मेल काढा. पुसलेले मेल तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतात, तोवर जागा मोकळी होत नाही. लगेच हवी असेल तर ट्रॅश रिकामा करा.

फसवणूक

तुमचं खातं आज बंद होईल, वीज रात्री तोडली जाईल, बक्षीस लागलं आहे असा मेल आला तर आत दिलेल्या दुव्यावर क्लिक करू नका. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून खरा पत्ता बघा. बिल बघायचं तर हेस्कॉमच्या साइटवर स्वतः जाऊन बघा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटची पायरी: सूचना खरंच वाजते का

हे सगळं करूनही पुष्कळांच्या फोनवर सूचना वाजतच नाही. कारण बॅटरी वाचवण्यासाठी फोन कॅलेंडरला मागे झोपवून टाकतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’मध्ये जाऊन कॅलेंडर शोधा, बॅटरीपुढे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, आणि नोटिफिकेशनची परवानगी आवाजासह चालू करा. जीमेललाही तेच करा. फोनमध्ये दोन खाती असतील तर ज्या खात्यात नोंदी केल्या त्याच खात्याचं सिंक चालू आहे ना ते बघा.

मग आत्तापासून दहा मिनिटांनंतरची एक नोंद करा, पाच मिनिटं आधीची सूचना लावा, फोनचा पडदा बंद करून बाजूला ठेवा. वाजली तर ठीक. नाही वाजली तर वरचं एकेक पुन्हा तपासा आणि परत करून बघा. नवीन फोन घेतल्यावर आणि फोनचं मोठं अपडेट झाल्यावरही हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण तेव्हा ही सेटिंग्ज बदललेली असू शकतात.